दाजींचं रील चौथ्या नंबरवर

संघटनेत आलो तेव्हा पत्रक लिहिण्याचा पहिला नियम मला शिकवला गेला. ज्याच्या विरोधात लिहिशील त्याच्या दारात उभं राहून जे तोंडावर बोलता येणार नाही, ते कागदावर लिहायचं नाही. रेशनच्या गव्हातले खडे, बंद झालेली मुक्कामी एसटी, एका दाखल्यासाठी चार फेऱ्या मारायला लावणारं टेबल, या सगळ्यांवर मी लिहिलं आणि नियम पाळला. मोडला एकदाच. ते पत्रक सरकारवर नव्हतं, मासे धरायच्या रीलवर होतं. आणि मोडला तो निव्वळ जळफळाटापायी. कुणावर जळत होतो ते आधीच सांगतो. माझ्या मामेबहिणीच्या नवऱ्यावर. दाजींवर.

मामा भाटघरच्या फुगवट्याकडेला राहतात. धरणाचं पाणी उतरायला लागलं की त्यांच्या शेताखाली एक सपाट खडक उघडा पडतो. दोन माणसं मांडीला मांडी लावून बसतील एवढाच. मी दुसरीत होतो तेव्हापासून त्या खडकावरची दुसरी जागा माझी. मामांकडं रॉड वगैरे कधी नव्हता. प्लॅस्टिकच्या बाटलीला तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी गुंडाळलेली, टोकाला गळ, गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. बाटली डाव्या हातात धरायची, उजव्या हातानं गळ फिरवून भिरकावायचा आणि मासा लागला की हातावर हात टाकत तंगूस ओढायचा. चिलापी, वाम, कधी रोहू. मामी तव्यात तेल टाकायच्या आधी आमच्या हातांकडं बघायची. बोटांवर तंगुसाचे ताजे वळ असले की समजायची, आज मोठा मासा आहे.

दोन वर्षांपूर्वी मामांना अर्धांगाचा झटका आला. चालणं-बोलणं परत आलं, डाव्या हाताची बोटं मात्र पुरती मिटेनात. बाटली धरवेना. पाणी उतरलं, खडक वर आला, आणि मामा ओट्यावर बसून राहिले. मामी म्हणाली, "अरं, ह्यांना कायतरी कर बाबा. दिसभर पान्याकडं बघत बसत्यात, माझ्याशी बोलत न्हाईत."

मी रॉड आणि रील आणलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, रील म्हणजे रॉडला अडकवायची चकरी. हँडल फिरवलं की तंगूस तिच्यावर गुंडाळला जातो, हातानं ओढावा लागत नाही. पुण्याला मोर्चाला गेलो होतो, तिथून येताना घेतलं. काळं, भक्कम, वजनदार. मामांनी रॉड काखेत दाबून धरायला शिकून घेतलं. पण हँडल डाव्या बाजूला होतं आणि मामांचा नेमका तोच हात गेलेला. मी त्यांना म्हणालो, "सवय होईल मामा." महिनाभर म्हणत होतो. मामा डाव्या हाताच्या अर्धवट मिटलेल्या मुठीनं ते हँडल ढकलायचे आणि घामाघूम व्हायचे. तरी खडकावर यायचे, आणि शेजारी मी असायचो. मला तेवढं पुरत होतं.

त्याच सुमाराला मामेबहिणीचं लग्न झालं. दाजी पासलीचे, शिरवळकडच्या एका कंपनीत कामाला. लग्नात मित्रांनी मला चिडवून घेतलं होतं, मामाची पोरगी गेली म्हणून. त्याचं मला काही वाटलं नाही. आम्ही भावंडांसारखे वाढलो, लहानपणी तिनं माझ्या डोक्यात घातलेल्या पाटीची खूण अजून आहे. पण दिवाळीनंतर दाजी सासुरवाडीला आले ते रील घेऊनच. चंदेरी, जपानी, वजनाला माझ्या रीलच्या निम्मंसुद्धा नाही. मामांच्या पाया पडले आणि म्हणाले, "मामा, हात दावा बरं." उजव्या बाजूची टोपी फिरवून काढली, हँडल ओढून घेतलं, पलीकडून घातलं, टोपी इकडं लावली. चहा गार व्हायच्या आत हँडल उजव्या बाजूला.

मी म्हणालो, "हे असं बदलतं?"

"समद्याच रीलचं बदलतं की. तुमच्या काळ्याचं बी. बघितलं न्हाईत व्हय?"

मामांनी माझ्याकडं बघितलं नाही. उजव्या हातानं हँडल फिरवलं, परत फिरवलं, आणि कितीतरी दिवसांनी हसले. "पाव्हणं, ह्ये तर बिनआवाजाचं हाय," म्हणाले. त्या दिवशी खडकावर दाजी बसले. मी मागं चिखलात उभा राहिलो, हातात माशांची पिशवी घेऊन.

पुढं दर रविवारी तेच. मामा आठवडाभर रविवारची वाट बघायला लागले. नाक्यावरच्या चहाच्या टपरीत एकानं मला ऐकवलं, "मामाची पोरगी तर गेलीच, आता मामा बी गेला म्हन." सगळे हसले. मी पण हसलो आणि चहा अर्धा टाकून उठलो.

तेव्हा माझ्या डोक्यात रीलवर पत्रक काढायचं आलं. हेतू वाईट होता असं कुणी म्हणू नये. आमच्या भागातली पोरं मोबाईलवर बघून रील मागवतात. खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले, आत इतक्या बेअरिंगा, इतकं वजन पेलतं. हंगाम संपायच्या आत त्याचा खुळखुळा होतो आणि मग फोन कुणी उचलत नाही. ही सरळ फसवणूक आहे, आणि मासे धरणारा माणूस गरीब आहे म्हणून ती खपते. यावर कुणीतरी लिहायलाच हवं होतं. फक्त ते मी ज्या आठवड्यात ठरवलं तो आठवडा बघितला, की खरं काय ते कळतं.

चार रीलं गोळा केली. एका मित्राचं लाल, ऑनलाईन मागवलेलं, खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा असलेलं. दुसऱ्याचं जांभळं, स्वस्तातलं. माझं काळं. आणि दाजींचं चंदेरी. ते मागितलं तेव्हा वाटलं होतं नाही म्हणतील. त्यांनी दोन आठवड्यांसाठी काढून दिलं. म्हणाले, "करा की पारख. लोकांच्या कामाला येईल."

पारख मी मनापासून केली. तंगूस आंब्याच्या फांदीवरून टाकून पाच लिटरच्या कॅनला बांधायचा आणि कॅनमध्ये तांब्या-तांब्यानं पाणी ओतत जायचं. मासा जोरात ओढायला लागला की तंगूस तुटू नये म्हणून रील आपणहून थोडा सोडतं, त्याला ड्रॅग म्हणतात. कितव्या तांब्याला सोडतं आणि कसं सोडतं, ते वहीत लिहायचं. लाल रील हिसके देत सोडायचं, हिसक्याला तंगूस तुटतो. जांभळ्याचं बूड प्लॅस्टिकचं, कॅन भरत आला की सगळं रीलच वाकायचं आणि आतले दाते करकरायचे. माझं काळं थोडं अडायचं पण धरून ठेवायचं. चंदेरी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं सोडायचं. मी कॅन तीनदा रिकामा करून परत भरला. तिन्ही वेळा तेच.

मग रोज संध्याकाळी प्रत्येक रीलनं शंभर वेळा गळ फेकायचा. रील गाळात ठेवायचं, धुवायचं, परत गळ फेकायचा. तिसऱ्या आठवड्यात लालच्या तंगूस अडवणाऱ्या तारेची स्प्रिंग तुटली. जांभळ्याचं हँडल लुळं पडलं. काळ्याला थोडी खरखर आली. दोन आठवड्यांचे चार झाले तरी चंदेरी मी परत केलं नव्हतं आणि दाजींनी मागितलं नव्हतं. ते रोज पहिल्या दिवसासारखं फिरायचं आणि मला रोज जास्त राग यायचा. खोटं सापडलं की माझी लेखणी चालते. हे रील मला काहीच देत नव्हतं.

म्हणून मी ते उघडलं. लाल उघडलं होतं, त्यात खोक्यावर छापलेल्यापेक्षा बऱ्याच कमी बेअरिंगा निघाल्या होत्या. दाजींच्या खोक्यावर आकडा लहानच, चार. निदान तीन निघाव्यात म्हणून मी एकेक स्क्रू काढला. कंपनीचं ग्रीस लागलेलं होतं म्हणून नीट दिसेना, तर गाडीतलं पेट्रोल काढून भाग धुतले. चार निघाल्या. मोजून चार.

परत जोडताना तेल हवं होतं. आमच्या घरात तेल म्हणजे खोबरेल. दाराची बिजागरी कुरकुरली, कात्री अडली, अडकित्ता घट्ट झाला, कुलपात किल्ली फिरेना, आई केसांचीच बाटली आणते. मीही आणली. दात्यांना, बेअरिंगांना, सगळ्याला सढळ हातानं चोळलं. रील झकास फिरलं. माझं काळं मात्र मी उघडलं नाही. त्याच्या पोटात काय निघेल याची मला धास्ती होती.

शेवटची फेरी जानेवारीत, सगळ्यांसमोर करायची ठरली. रविवार, दिवस उगवायची वेळ. पाण्यावर धुकं एवढं, की पलीकडचा डोंगर दिसत नव्हता. मामा स्वेटर, मफलर, वर कांबळं अशा अवतारात खडकावर. शेजारी दाजी. मागं गावातले तिघेचौघे आणि वही घेऊन मी. मामांनी दाजींच्या रीलनं गळ टाकला. थोड्या वेळानं रॉडचं टोक खाली गेलं.

"लागला," मामा म्हणाले आणि हँडल फिरवायला गेले.

हँडल फिरेना. म्हणजे फिरायचं, पण घट्ट पिठलं ढवळल्यासारखं. मामांनी जोर लावला. रॉड काखेतून निसटायला लागला. तंगूस ढिला पडला, पाण्यात एकदा चांगला मोठा भोवरा उठला आणि टोक सरळ झालं. मासा गेला.

मामांनी रॉड मांडीवर ठेवला आणि स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं. मूठ मिटली, उघडली. परत मिटली, उघडली. त्यांना वाटलं, हा पण गेला.

"पाव्हणं," ते अगदी हळू म्हणाले, "फिरवून बघा जरा. ह्याचं हाय का माझ्या हाताचं?"

दाजींनी फिरवलं. "रीलचंच हाय मामा. अडकलंय. तुमचा हात ठीक हाय." आणि मग ते कानापर्यंत लाल झाले, कारण मागून एकजण म्हणाला, "जपान गारठलं वाटतं." मी हसलो. खरंखुरं, पोटातून हसलो. मामांची मूठ अजून उघडझाप करत होती आणि मी हसत होतो.

दुपारी जेवायच्या आधी मी वही आणायला खडकावर गेलो. रील उन्हात पडलं होतं. सहज हँडलला बोट लावलं. लोण्यासारखं फिरलं. तसाच ओट्यावर आलो तर मामीनं खोबरेलाची बाटली पायरीवर उन्हात ठेवलेली. आत पांढरा गोळा, कडेनं नुकता वितळायला लागलेला. थंडीत आमच्याकडं घरोघर हेच चालतं. आई सकाळी बाटली चुलीच्या कडेला ठेवते. जन्मापासून बघत आलोय. मी पायरीवर उभा राहून त्या बाटलीकडं बघितलं, आणि पेट्रोलपासून पिठल्यापर्यंत सगळं मला तिथल्या तिथं कळलं.

मी हात धुतले आणि जेवायला बसलो.

पत्रक त्याच संध्याकाळी लिहिलं. लाल आणि जांभळ्याबद्दल जे लिहिलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. माझं काळं पहिल्या नंबरवर. जपानी रील चौथ्यावर, तुटलेल्या लालच्याही खाली. "महागडं नाव, थंडीत निकामी. सर्वांसमक्ष सिद्ध." चारही कंपन्यांची नावं मोठ्या टायपात. भोरच्या आठवडे बाजारात वाटलं, एसटी स्टँडवर चिकटवलं, कुणीतरी फोटो काढून मोबाईलवर फिरवला. तो फिरत दाजींच्या कंपनीत पोचला. त्यांच्या लायनीवरचे लोक त्यांना जेवायच्या सुट्टीत विचारायला लागले, आज थंडी हाय, जेवन गरम करू का रील?

दाजी पुढच्या रविवारी आले, जेवले, रील पिशवीत घातलं आणि घेऊन गेले. माझ्याशी नीट बोलले, तेच मला आवडलं नाही.

खडकावरची जागा मला परत मिळाली. माझ्या काळ्या रीलचं हँडल आता मीही उजवीकडं करून दिलं होतं. मामा तीन दिवस आले. चौथ्या दिवशी रॉड उचलला आणि खाली ठेवला. "लई जड हाय रं ह्ये. खांदा भरून येतो." मी म्हणालो, सवय होईल. तोंडातून गेलं ते गेलंच. मामा म्हणाले, "राहू दे आता. चिलापी बाजारात बी मिळती."

मी दोन दिवस एकटा जाऊन बसलो. बाजूची जागा रिकामी. वरून ओट्यावर मामा दिसायचे, पाण्याकडं तोंड करून. पहिल्या नंबरचं रील माझ्या हातात होतं.

तिसऱ्या दिवशी गाडी काढली. मार्गासनीला थांबून चहा घेतला, दुसरा घेतला, माघारी फिरावंसं वाटलं. मग वेल्ह्यावरून पासलीला. भाताची खाचरं वाळून भेगाळलेली, दाजींच्या अंगणात पेंढ्याची गंजी. त्यांना सुट्टी होती. मामेबहिणीनं पाणी दिलं आणि म्हणाली, "आलं का पत्रककार? आता आमच्या चहाचा नंबर काढनार का?"

रील खुंटीला पिशवीत टांगलेलं होतं. दाजी म्हणाले, "बरं झालं आलात. तुमाला त्यातलं कळतं. ह्याला मुंग्या लागत्यात. दोनदा झटकलं, परत लागत्यात. लोखंडाला कशाच्या मुंग्या? कंपनीला बी कळवलंय मी, पाठवून द्या म्हनत्यात."

"पाठवू नका," मी म्हणालो. "खोबरेल आहे आत. मी उघडलं होतं. ग्रीस धुतलं आणि खोबरेल घातलं. थंडीनं थिजलं."

मामेबहीण दारात थांबली. "डोक्याला लावायचं त्यात घातलंस? मग डोक्यात काय घालतोस, ग्रीस?"

दाजी हसले नाहीत. "कळलं कवा तुमाला?"

खोटं सांगता आलं असतं. काल कळलं म्हणालो असतो तर विषय मिटला असता. पण मी त्यांच्या दारात उभा होतो. "त्याच दुपारी," म्हणालो.

"म्हंजे पत्रक लिवताना ठाव व्हतं."

"होतं."

"मग का लिवलंत?"

"मामा रविवारची वाट बघतात म्हणून."

दाजी उठून आत गेले, जुना पेपर, पेट्रोलची बाटली, ग्रीसची ट्यूब आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन आले. ओट्यावर पेपर पसरला आणि ब्रश माझ्या हातात दिला. "घासा," म्हणाले. एवढंच. स्वतः समोर बसले. प्रत्येक स्क्रू त्यांनी काढला, प्रत्येक भाग मी घासला. एका दात्याच्या फटीत मेलेली मुंगी राहिली होती, ती त्यांनी बोटानं दाखवली आणि परत घासायला लावलं. ग्रीस मात्र मला लावू दिलं नाही.

दुरुस्तीचं पत्रक मी जुन्यापेक्षा मोठ्या कागदावर छापलं. जिथं जिथं पहिलं वाटलं होतं तिथं तिथं वाटलं. आठवडे बाजारात एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आता कशाचं?" म्हणालो, माझ्याच चुकीचं. त्यानं कागद घेतला नाही.

रविवारी दाजी रील घेऊन भाटघरला आले. मामा स्वेटर चढवून खाली उतरले, खडकावर बसले, शेजारी दाजी. मी मागं उभा. मामांनी गळ टाकला आणि मान न वळवता म्हणाले, "ते कागद काय वाटत फिरतोस, वाच की. मला चष्म्याबिगर दिसत न्हाई."

मी वाचलं. जपानी रीलमध्ये कोणताही दोष नव्हता. तपासणी करणाऱ्याने ते मालकाला न विचारता उघडून त्यात खोबरेल घातले. चूक कळल्यानंतरही त्याने खोटा निष्कर्ष छापला. चारही रीलांमध्ये चालायला आणि टिकायला हेच पहिले.

"शेवटचं परत वाच," मामा म्हणाले.

"चारही रीलांमध्ये चालायला आणि टिकायला हेच पहिले."

"हां." मामांनी हँडलचा अर्धा फेरा घेऊन तंगूस ताणला. "आता जाळी घिऊन ये वरनं. मासा लागला तर पाव्हण्यांनी चिखलात उतरायचं का?"

मी जाळी आणायला निघालो. चढावर असताना खालून दोघांचं हसणं ऐकू आलं. कशावर हसले ते मी अजून विचारलेलं नाही, आणि ते मला अजून डाचतं.